झूमवरच्या तिखोनमध्ये बेने इस्राएल: एका धड्याचे परीक्षण



या पानावर आम्ही एरवी पुस्तके, नाटके आणि गाण्याचे कार्यक्रम यांविषयी लिहितो. या खेपेस परीक्षणाला घेतला आहे तो शाळेतला एक तास. पंचेचाळीस मिनिटांचा, आणि तोही शाळेत न भरता संगणकाच्या पडद्यावर भरलेला. काही वाचक म्हणतील, शाळेच्या तासाचे कोणी परीक्षण करते का? पण तासाचा विषय आपण होतो. ‘हिंदुस्थानचे यहुदी’ असे त्याचे नाव होते. वेगवेगळ्या गावांतल्या तिखोनमधली मुले एकाच वेळी झूमवर बसून आपल्याबद्दल शिकत होती. आपल्यावर लिहिलेले पुस्तक आपण बारकाईने वाचतो. हा तास तर आपल्या नातवंडांच्या कानांवर थेट पडला. त्याची दखल घ्यायला हवी.

पडद्यावरची शाळा आता आपल्या देशात नवी राहिलेली नाही. करोना येण्याच्या कितीतरी आधी, २०१२ पासून, लांबच्या गावांतल्या मुलांना पाच युनिटांचे गणित आणि भौतिकशास्त्र शिकता यावे म्हणून येथे व्हर्च्युअल तिखोन सुरू झाले होते. मार्च २०२०च्या मध्याला शाळा बंद झाल्या आणि सगळा देशच त्या मार्गाने गेला. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आणि पुन्हा जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध झाले तेव्हा मुले घरात, ममादमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. आता अलार्म नसला तरी काही तास पडद्यावरच होतात, विशेषतः जे बग्रूतला विचारले जात नाहीत ते. ‘मोरेशेत’चे, म्हणजे वारशाचे तास त्यांतलेच.

आमची नात योद-अलेफमध्ये, म्हणजे अकरावीत आहे. तिची परवानगी घेऊन आम्ही मागच्या सोफ्यावर बसलो, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. पडद्यावर छत्तीस चौकोन होते, त्यांपैकी तिसांच्या वर काळे. मोरा तरुण होत्या, आवाज गोड, तयारी मनापासून केलेली. त्यांचे नाव आणि शाळेचे नाव येथे देत नाही. त्यांनी केले ते कित्येक शिक्षक करतात, आणि कित्येक तर तेवढेही करत नाहीत.

आधी चांगले सांगतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, ही आपली परंपरा त्यांनी नीट सांगितली आणि ती ‘परंपरा’ आहे असेही सांगितले. कोकणात आपले लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे सांगताना त्यांनी तो शब्द मराठीतच उच्चारला. जीभ अडखळली, तरी उच्चारला. मुंबईच्या शाआर हारहमीम या १७९६च्या सिनेगॉगचे चित्र दाखवले. हिंदुस्थानात आपल्याला यहुदी म्हणून कोणी छळले नाही, हेही स्वच्छ शब्दांत सांगितले. युरोपचा इतिहास शिकून आलेल्या मुलांना ते ऐकून नवल वाटलेले दिसले. दोन काळे चौकोन उघडले, दोन चेहरे पुढे झाले.

आता खटकले ते. पहिल्याच स्लाइडवर ताजमहाल होता, शेजारी हत्ती, आणि मागे हिंदी सिनेमाचे गाणे. ताजमहालाचा आणि आपला संबंध काय? आग्रा कोकणापासून किती लांब आहे हे नकाशात कोणीही पाहावे. पुढच्या स्लाइडवर बेने इस्राएल, कोचीनचे यहुदी आणि बगदादी यहुदी एका ओळीत आले आणि त्यानंतर तिघांचे मिळून एकच झाले. ‘हिंदुस्थानच्या यहुदी स्त्रियांचे गाणे’ म्हणून जे वाजवले ते मलयाळी होते. गाणे सुंदर आहे, कोचीनच्या बहिणींचे आहे, त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण आमची नात मागे वळून आम्हाला विचारू लागली, ‘साबा, हे तुम्ही म्हणायचात का?’ आम्हाला त्यातला एक शब्द कळला नव्हता.

पुढे दावीद राहाबी आले. मोरांनी सांगितले की त्यांनी ‘हरवलेल्या यहुद्यांचा शोध लावला’. वाचकहो, हरवते कोण? जो आपल्या जागी असतो तो हरवलेला नसतो. आपल्या परंपरेत ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. राहाबींनी आधी पाहिले की हे लोक शब्बाथ पाळतात, शेमा म्हणतात, पर आणि खवले असलेलाच मासा खातात. म्हणजे आधी त्यांनी परीक्षा घेतली, आणि जे होते ते ओळखले. मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतली माणसे निवडून त्यांना शिकवले. हे तिघे आपले काजी झाले. गावोगावी फिरून लोकांना शिकवायचे काम राहाबींनी स्वतःकडे ठेवले नाही, लोकांमधल्याच माणसांकडे दिले. हे पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

शेवटी फोनवरून उत्तरे देण्याचा खेळ झाला. प्रश्न आला: ‘रोश हशानाला हिंदुस्थानचे यहुदी काय खातात?’ चार पर्याय होते: करी, सामोसा, कुसकुस, गेफिल्टे फिश. आमची नात दरवर्षी नव्याच्या सणाला आजीबरोबर हलव्याच्या पातेल्याशी उभी राहते. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाचे दूध घालून तासभर ढवळायचे असते. तळाला लागू नये म्हणून आजी दमली की पळी तिच्या हाती येते. हलवा पर्यायांत नव्हता. तिने क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि ‘करी’वर बोट ठेवले. हिरवी खूण आली. गुण मिळाले.

त्या हिरव्या खुणेवर आम्ही रात्रभर विचार केला. मुलीला खरे उत्तर ठाऊक होते आणि गुण मिळवण्यासाठी तिने खोटे दिले. वर्गात बसलेली ती एकटी बेने इस्राएल मुलगी स्वतःविषयीच्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे देऊन पास झाली. तास आपल्या गौरवासाठी होता, यात शंका नाही. तरी त्याने तिला शिकवले ते हे, की तुझ्या घरात जे आहे ते विसर आणि आमच्या यादीत जे आहे ते सांग.

शिक्षणशास्त्रात ज्याला संस्कृतीशी नाते जोडून शिकवणे म्हणतात, त्याचा बोलबाला अमेरिकेत सुरू झाला. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या विदुषींनी काळ्या मुलांना यशस्वीपणे शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यास केला आणि १९९४-९५च्या सुमारास आपले म्हणणे मांडले. त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. एक, मुलाचे शिकणे पक्के झाले पाहिजे. संस्कृतीच्या नावाखाली अभ्यास पातळ करायचा नाही. दोन, मुलाने आपली संस्कृती न सोडता दुसऱ्याचीही समजून घ्यावी. तीन, जगात जो अन्याय चालतो तो ओळखून त्याविषयी प्रश्न विचारण्याची ताकद मुलात यावी. पुढे २००० साली जिनीव्हा गे यांचे पुस्तक आले. त्यांचे सांगणे असे की मुलाचे घरचे ज्ञान, अनुभव आणि बोलण्याची रीत हेच शिकवण्याचे साधन करावे. म्हणजे घरचे ज्ञान फक्त सणाच्या दिवशी सजावटीला काढायचे नाही, रोजच्या अभ्यासात वापरायचे.

या कसोट्यांवर आम्ही तो तास लावून पाहिला. पहिलीवर तो घसरतो, कारण त्यात चुका होत्या आणि त्या चुकांना गुण होते. दुसरीवर अर्धा टिकतो: इतर मुलांना आपल्याविषयी थोडे कळले, पण आमच्या नातीला स्वतःविषयी काही मिळाले नाही. तिसरीवर तर तो पोहोचलाच नाही. १९६४ साल तासात नव्हते. ‘वेळ संपत आली’ म्हणून ती स्लाइड भरभर पुढे ढकलली गेली. त्यावर काय लिहिले होते ते आम्हाला दिसलेही नाही.

आपल्या वाचकांना १९६४ सांगायला नको. १९६२ मध्ये रब्बीमंडळाने सूचना काढल्या की बेने इस्राएलशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करावी. आपली मुले सैन्यात होती, कारखान्यांत होती, दिमोनाच्या आणि बेअर शेवाच्या उन्हात घरे उभी करत होती, आणि लग्नाच्या दाराशी त्यांना विचारले जात होते की तुमची आजी कोण होती. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. तेव्हा तेथे बसलेले काहीजण आजही हे मासिक चष्मा लावून वाचतात. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने खास बैठक घेऊन सांगितले की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि त्यानंतर रब्बीमंडळाला आपल्या सूचना बदलाव्या लागल्या. एवढी मोठी गोष्ट भरभर ढकललेल्या स्लाइडवर होती, आणि हत्तीला मात्र पूर्ण मिनिट मिळाले.

आम्हाला असे वाटते की या गोष्टीची जागा मोरेशेतच्या तासात नाहीच. ती एझराखूतच्या, नागरिकशास्त्राच्या तासात आहे. तो विषय बग्रूतला सगळ्यांना आहे. धर्म आणि राज्य यांचे नाते, लग्नाचा कायदा कोणाच्या हाती, संसदेचा अधिकार कोठवर, शांततेने धरणे धरणे म्हणजे काय, हे सारे त्या एका उन्हाळ्यात शिकवता येते. रशियातून किंवा इथिओपियातून आलेल्या कुटुंबातले मूलही ते ऐकून सरळ बसेल, कारण ‘तुमची आजी कोण होती’ हा प्रश्न त्याच्या घरालाही माहीत आहे.

वाचकहो, आम्ही फक्त दुसऱ्यांवर बोट ठेवत नाही. आपला समाज ज्या मार्गाने शिकला तो आठवला तर या ‘नव्या’ विचारातले पुष्कळसे आपल्याला जुने वाटेल. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. आपल्या पणजोबांच्या पिढीने हिब्रूची अक्षरे मराठीच्या आधाराने गिरवली. मुलाला ठाऊक असलेल्या भाषेतून न ठाऊक असलेली भाषा शिकवणे हीच संस्कृतीशी जोडून शिकवण्याची पहिली पायरी. मग विल्सनसाहेबांना आदर्श शिक्षक म्हणावे का? त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले, तोराचे ज्ञान वाढवले आणि धर्म आपलाच राखला. यातून आम्ही एवढे समजलो की मुलाची भाषा वापरली म्हणून शिक्षणात आदर आपोआप येत नाही. शिकवणाऱ्याला मुलाचे काय करायचे आहे, हे आधी विचारावे लागते. ताजमहालाची स्लाइड दाखवणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा.

याउलट हाईम शमुवेल केहिमकरांचे काम पाहा. १८७५ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तुमच्यापैकी किती जण तिच्या बाकांवर बसला असाल! तेथे मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही होत्या, आणि एकीसाठी दुसरी टाकावी असे कोणी म्हणाले नाही. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला तेल अवीवमध्ये, १९३७ साली. म्हणजे तिखोनच्या मोरांना आपल्याबद्दल वाचायचे असेल तर आपल्याच माणसाने लिहिलेले पुस्तक याच देशात छापले गेले आहे. राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली, तेव्हा घरातल्या बायांना पहिल्यांदा कळले की हजान काय म्हणतो आहे.

आणि कीर्तन! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लोकांनी हिंदू कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात योसेफाची, मोशेची, एस्तेरची कथा घातली. श्रोत्यांना चाल ओळखीची, भाषा ओळखीची, आणि कथा तनाखमधली. कीर्तनकार मध्येच थांबून विचारी, श्रोते उत्तर देत, पेंगणाऱ्याला जाग येई. रात्रभर लोक बसत. शाळेत कधी न गेलेल्या आपल्या आज्यांना तनाख तोंडपाठ होता तो असा. आज पडद्यावरच्या काळ्या चौकोनांपुढे बोलणाऱ्या शिक्षकाने या कीर्तनकाराकडून एक गोष्ट शिकावी: श्रोता काय घेऊन आला आहे हे ओळखून सुरुवात करायची.

आता पडद्याविषयी. प्रत्यक्ष वर्गात मूल घर मागे ठेवून येते. पडद्यावरच्या वर्गात घरच वर्गात येते, आणि त्याची मुलांना लाज वाटते. मोरा वारंवार सांगत होत्या, ‘कॅमेरे उघडा.’ पण एकाच्या मागे भावंडांची पलंगावर मारामारी चालली असते, एकाकडे लॅपटॉप बहिणीबरोबर वाटून घ्यायचा असतो, एकाच्या खोलीत भिंतीला ओल असते. नेगेवमधल्या मान्यता नसलेल्या बेदुईन वस्त्यांत तर वीजही सरकारी तारेवरून येत नाही. काळा चौकोन म्हणजे आळशी मूल, असे धरून चालणारा शिक्षक अर्ध्या वर्गाविषयी चुकतो. ज्या मुलाला कॅमेरा उघडायचा नाही त्याला लिहून उत्तर देऊ द्यावे, दोघा-चौघांच्या छोट्या खोल्यांत बोलू द्यावे. शांत मुले तेथे बोलतात. वर्गात जो हात वर करत नाही तो चॅटमध्ये चार ओळी लिहितो, हे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

तासाच्या मध्यावर एक प्रसंग घडला. मोरा म्हणत होत्या, ‘घरातल्या मोठ्यांशी बोला, त्यांच्याकडे खजिना आहे.’ नेमके त्याच वेळी स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, ‘चहा टाकू का गं?’ आमच्या नातीचे बोट विजेसारखे गेले आणि तिने आवाज बंद केला. खजिना दाराआड म्यूट झाला. आम्हाला आधी हसू आले, मग आले नाही. मोरांनी त्या क्षणी एवढेच म्हटले असते की ‘कोण बोलले? कोणत्या भाषेत?’, तर तास तेथूनच फिरला असता. प्रत्यक्ष शाळेत आजीला बोलवायचे तर गाडी, दिवस, परवानगी सगळे लागते. पडद्यावरच्या शाळेत ती दहा पावलांवर होती. पडद्याचा हा एक फायदा आहे, आणि तोच कोणी वापरत नाही.

आम्ही मोरांच्या जागी असतो तर काय विचारले असते? म्हटले असते, पाच मिनिटे उठा, घरातल्या मोठ्याला विचारा की योम किप्पुरला लहानपणी काय म्हणायचे, आणि उत्तर चॅटमध्ये लिहा. आमच्या नातीने लिहिले असते: दाराफाळणीचा सण. दुसऱ्या कोणी मोरोक्कोचे, कोणी बुखाराचे, कोणी पोलंडचे नाव लिहिले असते. मग नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, आणि अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह, आणि तिशा बेआवला बिरड्याचा सण. एकेका नावात केवढा इतिहास! हिब्रू नावे विसरली होती तेव्हाही दिवस विसरले नव्हते, हे त्या नावांवरून मुलांनी स्वतः ताडले असते. ‘शोध कोणी लावला’ हा प्रश्नच मग उरला नसता.

आणि हे मोरेशेतच्याच तासाला करावे असे नाही. हलव्याचा चीक हा रसायनशास्त्राचा धडा आहे: गहू भिजवा, वाटा, गाळा, स्टार्च तळाला बसू द्या, वरचे पाणी काढा, मग उष्णतेने तो का घट्ट होतो ते विचारा. शनिवार तेल्यांचा घाणा भौतिकशास्त्रात बसतो. इंग्रजीच्या तासाला निस्सीम इझिकेल यांची कविता घ्यावी. मुंबईच्या या बेने इस्राएल कवीला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपल्या येथल्या किती मुलांना माहीत आहे? अमेरिकेतल्या त्या विदुषींचे म्हणणे हेच आहे की संस्कृती वेगळ्या तासात कोंडली की ती तमाशा होते. अभ्यासात मिसळली की तिने मुलाचे डोके चालते.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ मध्ये नफ्ताली बेनेट शिक्षणमंत्री असताना कवी एरेझ बिटोन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. स्फारादी आणि मिझ्राही यहुद्यांचा वारसा अभ्यासक्रमात यावा म्हणून तिने त्याच वर्षी मोठा अहवाल दिला. अल्जीरियात जन्मून लोदमध्ये वाढलेल्या, लहानपणी दृष्टी गेलेल्या या कवीने ते काम अंगावर घेतले. लोद आपलेही गाव आहे, म्हणून आम्हाला त्याचे अधिक वाटते. पण ‘स्फाराद आणि मिझ्राह’ या दोन शब्दांच्या पेटीत आपल्याला कोठे ठेवायचे? आपण स्पेनमधून आलो नाही, आणि आपला ‘पूर्व’ बगदादच्या कितीतरी पुढे आहे. मोरोक्को आणि इराक नजरेसमोर ठेवून घडवलेल्या पेटीत आपण कोपऱ्यात बसतो. इथिओपियाच्या बांधवांचा सिग्द २००८ पासून कायद्याने राष्ट्रीय सण आहे, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. तरी त्यांच्याच तरुण मुलांच्या तोंडून ऐकले आहे की त्या एका दिवशी शाळेत सगळे त्यांना नाचायला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आपल्यालाही मलिद्याचा एक दिवस देऊन टाकला तर तेच होईल.

शेवटचा दोष आपला आहे, आणि तो लिहिताना हात जड होतो. म्यूटचे बटण आमच्या नातीच्या आधी आम्हीच दाबले होते. पन्नास आणि साठच्या दशकांत आलो तेव्हा मुलांना म्हणालो, बसमध्ये मराठी बोलू नकोस, लोक बघतात. आडनावातला ‘कर’ काढून टाकला. डब्यात चपाती न देता पावाचे तुकडे दिले. त्या वेळी ते शहाणपणाचे वाटले, आणि कदाचित होतेही. मुलांना नोकरी हवी होती, घर हवे होते, बोलणी खायची नव्हती. पण ज्यांच्या घरातून आवाज बंद झाला त्यांच्या नातवंडांना मोरांनी ‘मोठ्यांशी बोला’ म्हटले तर ती कोणत्या शब्दांत बोलतील? मोरांना हलवा ठाऊक नव्हता याचा राग आम्हाला आला. मग आठवले की आम्हीही कोणा मोराला कधी हलवा नेऊन दिला नव्हता.

तासानंतर आम्ही मोरांना पत्र लिहिले. आधी जे आवडले ते, मग ताजमहाल, मलयाळी गाणे, ‘शोध’ आणि ती हिरवी खूण. रागाने लिहिले नाही. तीन दिवसांनी उत्तर आले. त्यांनी मान्य केले की साहित्य तयार मिळाले होते आणि त्यांनी ते तपासले नव्हते. सणांच्या नावांची यादी मागितली. आणि एक प्रश्न विचारला, जो आम्हाला फार आवडला: ‘यादी मी वाचून दाखवू, की तुमची नात वाचेल?’

आम्ही नातीला विचारले. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, ‘उच्चार चुकले तर?’ आता रोज संध्याकाळी आजी बिरडे सोलता सोलता तिच्याकडून नावे म्हणून घेते. ‘दाराफाळणी’ अजून जमत नाही. ‘ळ’वर गाडी अडते. पण राहाबींनी काय केले होते ते आठवा. त्यांनी शिकवायला माणूस त्याच घरातला निवडला होता.

वाचकांना आमची विनंती आहे. तुमच्या नातवंडांचा पडद्यावरचा तास चालू असेल तेव्हा एकदा मागे बसा, मुलाला विचारून. काही चुकले तर शाळेला लिहा, चांगले असेल तर तेही लिहा. आणि तुमच्या घरी सणांना, पदार्थांना, नात्यांना जे शब्द होते ते आमच्याकडे पाठवा, हिब्रू अक्षरांत लिहिलेत तरी चालेल. आम्ही ते या पानावर छापू, म्हणजे पुढच्या वेळी कोणा मोराला यादी लागली तर ती तयार असेल. आजीच्या चहाविषयी म्हणाल तर तो तास संपल्यावर आला. नातीने दोन कप घेतले.

शालोम.